माशीवरचा सोन्याचा मणी

साठी आली की लोक गुडघ्यांबद्दल बोलायला लागतात. माझे गुडघे ठणठणीत आहेत. माझी माशी गेली.

माशी म्हणजे बंदुकीच्या नळीच्या टोकावरचा तो इवलासा उंचवटा. अलीकडे, डोळ्याच्या बाजूला, एका पट्टीत खाच असते. खाचेत माशी नीट बसवायची, माशीच्या डोक्यावर निशाणाचा काळा गोल ठेवायचा, श्वास रोखायचा आणि चाप ओढायचा. शास्त्र एवढंच. मागच्या हिवाळ्यात एका रविवारी रेंजवर दस्त्याला गाल टेकवला, तर खाचेच्या जागी धुकं आणि माशीच्या जागी त्याहून जरा दाट धुकं. मी चष्मा पुसला. पुन्हा धुकं. ओढणीने माशीच पुसून काढली. शेजारचा पोरगेला नेमबाज माझ्याकडे बघत होता, त्याच्यावर उगाच डाफरले आणि बंदूक पेटीत घालून घरी आले.

बंदूक बाबांची. पॉइंट टू-टूची रायफल, लिव्हरवाली. चापाभोवतीचं लोखंडी कडं खाली ओढून परत वर घेतलं की रिकामं काडतूस उडून बाहेर पडतं आणि नवं आत सरकतं. त्या खटक-खटक आवाजावर मी वाढले. बाबा कोल्हापूरकडे गुरांचे डॉक्टर होते. आठवडाभर गाई-म्हशींची बाळंतपणं करायची आणि रविवारी क्लबात कागदी निशाणांवर नेम धरायचा. क्लबात त्यांच्या नेमाला तोड नव्हती. जिवंत प्राण्यावर त्यांनी कधी बंदूक उचलली नाही. ते गेल्यावर वारसाने लायसन्स माझ्या नावावर झालं आणि रायफल माझ्यासोबत जयपूरला आली. मी इथे एका हॉस्पिटलात पॅथॉलॉजिस्ट आहे, मायक्रोस्कोपमध्ये डोळा घालून अर्धं आयुष्य काढलं.

बाबांचा एक नियम होता. माशी दिसली नाही तर बंदूक खाली. ढग आले, डोळ्यात घाम गेला, काहीही असो. दिसत नाही तर ओढायचं नाही. तो नियम मी माझ्या मुलीलाही पाठ करायला लावला होता आणि आता तो माझ्याच मानेवर येऊन बसला होता. उन्हाळ्यात लायसन्सचं नूतनीकरण होतं. मी मनाशी ठरवून टाकलं की तोवर इलाज सापडला नाही तर रायफल विकून मोकळं व्हायचं. विकण्याचं घरात कुणाला बोलले नाही. रविवारी यायचं, गप्प बसायचं, भूक नाही म्हणायचं.

आता त्या माशीबद्दल. ती साधी माशी नव्हे. तिच्या डोक्यावर सोन्याचा मणी आहे, आईच्या ठुशीतला. ठुशी म्हणजे बारीक सोन्याच्या मण्यांचा गळ्यालगतचा दागिना, आमच्याकडे लग्नात मुलीला घालतातच. बाबांनी कपाटातली ठुशी गुपचूप काढून एक मणी लंपास केला आणि माशीला बसवला, ही आमच्या घरची ठरलेली गोष्ट. कुठल्याही लग्नकार्यात पाहुण्यांच्या बायका जमल्या की आई सुरू व्हायची, ‘‘माझ्या ठुशीत एक मणी कमी आहे. कुठं गेला ते विचारा ह्यांना!’’ बाबा ताटात मान घालून हसायचे आणि सगळा मांडव हसायचा. बाबा गेले तरी आईने ठुशी उतरवली नाही. गेली काही वर्षं ती मालवीय नगरात आमच्याकडेच असते आणि शेजारणींना मोडक्यातोडक्या हिंदीत तीच चोरीची गोष्ट सांगते.

तर इलाज. आधी चष्मा. माझा प्रोग्रेसिव्ह, म्हणजे एकाच काचेत वर लांबचं आणि खाली जवळचं. पण दस्त्याला गाल टेकवला की नजर जाते काचेच्या वरच्या कोपऱ्यातून, आणि तिथे फक्त लांबचा नंबर. मग माशीच्या अंतराचा वेगळा चष्मा करून घेतला. माशी दिसली! पण निशाण गायब झालं आणि खाच होती तशीच.

मुलगी इथेच आयटीत आहे. तिचं मराठी जयपूरच्या शाळेत वाढलेलं. ती म्हणाली, ‘‘मम्मा, रेड डॉट लाव ना. मतलब, फक्त लाल ठिपका दिसतो, बाकी काही बघायचंच नाही.’’ रेंजवरच्या एकाची घेऊन पाहिली. सगळ्यांना ठिपका दिसतो, मला फुटलेलं डाळिंब दिसलं, दाणे इकडे-तिकडे उडालेले. माझ्या डोळ्यांतला वाकडा नंबर, दुसरं काय.

राहिली दुर्बीण. परकोट्यातल्या, म्हणजे तटबंदीच्या आतल्या जुन्या शहरातल्या, बंदूकवाल्यांकडे गेले. त्यांनी लिव्हर दोनदा ओढून पाहिला. ‘‘मैडम, इसका खोखा ऊपर से निकलता है. ऊपर दूरबीन लगाऊँगा तो रास्ता बंद. साइड में ड्रिल करना पड़ेगा.’’ खोखा म्हणजे रिकामं काडतूस. बाबांच्या रायफलीला ड्रिल! म्हटलं, त्याआधी मलाच ड्रिल करा भैया. ते हसले, मी हसले नाही.

असे तीन इलाज झाले आणि तिन्ही पाण्यात गेले. त्यानंतर एका सकाळी मी डबा भरत होते आणि आई भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभी होती. तिच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, दुसऱ्याचा काढू देत नाही. संकष्टी कधी आहे ते तिला बघायचं होतं. तिने हाताची मूठ वळली, मुठीत बारीकसं भोक ठेवलं, ते डोळ्याला लावलं आणि वाचायला लागली.

‘‘हे काय गं आई? चष्मा आहे ना तुला?’’ मी खेकसले.

‘‘चष्म्याला उठून जावं लागतंय. मूठ जवळच असते की,’’ ती म्हणाली, ‘‘बुधवारी आहे बघ.’’

मी पोळी हातात धरून तशीच उभी राहिले. बारीक भोक! मायक्रोस्कोपखाली प्रकाशाची झडप बारीक केली की पुढचं-मागचं सगळं एकदम रेखीव होतं, हे मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं शिकवतेय. स्वतःच्या डोळ्यासाठी मात्र काचा बदलत गावभर हिंडत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय म्हणणार!

डबा तसाच राहिला. काळ्या कार्डाला सुईने भोक पाडलं. बंदूक घरात रोखायची नसते, म्हणून उलथनं घेतलं, त्याच्या टोकाला टिकली चिकटवली आणि गच्चीत जाऊन हात लांब करून धरलं. पलीकडे झालानाच्या टेकडीच्या अलीकडे एका इमारतीवर पाण्याची काळी टाकी आहे. भोकातून पाहिलं. टिकली स्पष्ट. टाकीही स्पष्ट. दोन्ही एकाच वेळी! मी अशी ओरडले की आई खालून म्हणाली, ‘‘भाजी करपली का?’’

संध्याकाळी पुन्हा परकोट्यात. बंदूकवाल्यांकडे पीप साइट होती, उभी लोखंडी काडी आणि तिच्या डोक्यावर भोकाची चकती. ती दस्त्याच्या मानेवर, डोळ्याच्या अगदी जवळ बसते. तिच्या स्क्रूंची दोन भोकं रायफलीला कारखान्यातूनच होती, ड्रिलचं नावच नको. मला नाचावंसं वाटलं. तेवढ्यात ते म्हणाले, ‘‘आगे की पुरानी मक्खी निकाल देता हूँ. रिंग वाली डालेंगे. पूरा सेट हो जाएगा, मैडम, एकदम साफ.’’ रेंजवरच्या कोचना फोन केला, त्यांचंही तेच मत.

मक्खी म्हणजे आपली माशी. म्हणजे मणी काढायचा. मी रायफल परत पेटीत घालून घरी आणली. वाटेत स्वतःची समजूत घातली की झालं ते बरंच झालं. मला दिसेल आणि आईचा चोरीला गेलेला मणी आईला परत मिळेल, ठुशी पुरी होईल. तरी मन मानेना.

आई मटार सोलत बसली होती.

‘‘आई, तुझा मणी परत मिळतोय,’’ मी जरा नाटकीपणानेच जाहीर केलं, ‘‘बाबांनी ढापलेला.’’

तिचे हात थांबले. ‘‘ढापला कुणी? मीच दिला की तो.’’

मला वाटलं, वयामुळे गोंधळली असेल.

‘‘अगं, तूच तर सांगतेस ना सगळ्यांना, चोरला म्हणून?’’

‘‘सांगते तर. मग काय सांगायचं होतं?’’ तिने परात बाजूला सरकवली. ‘‘ह्यांना दिसंना झालं होतं. तू तिकडं कॉलेजात होतीस. रविवारी क्लबातनं यायचे ते गप्प. जेवण नाही. एकदा म्हणाले, बंदूक विकून टाकतो. खोदून खोदून विचारलं तेव्हा बोलले, की काळी माशी काळ्या गोलावर दिसतच नाही. मी म्हटलं, मग पिवळी करा की! सोनाराकडं गेले, ठुशीतला एक मणी उतरवून आणला आणि ह्यांच्या हातावर ठेवला. त्यो चमकतोय, म्हणून दिसायचा.’’

‘‘आणि चोरीचं?’’

‘‘ते मीच उठवलं. एवढा नावाजलेला नेमबाज, सोन्याची माशी कशाला म्हणून लोकांनी विचारलं असतं का नसतं? नवऱ्याला उचल्या म्हटलं तरी चालंल, आंधळा म्हणायला नको.’’

मी खाली बसले. त्या मांडवांमध्ये मीही हसले होते. बाबांची ताटात घातलेली मान मला दिसत होती. हसताना ते आईकडे एकदा बघून घ्यायचे, तेही आठवलं. मला वाटायचं, पकडले गेले म्हणून बघतात.

आईने पुन्हा मटार ओढून घेतला. ‘‘आणि तू कुणाला सांगितलंस गं? रविवारी येतीस, गप्प बसतीस. भूक नाही म्हणतीस. मला काय हे नवं आहे?’’

मला रडूच फुटलं. साठीची बाई मटाराच्या सालांत बसून भोकाड पसरते, काय म्हणावं! ‘‘मी विकणार होते, आई,’’ मी म्हणाले.

‘‘ठाऊक आहे. बापाची लेक,’’ ती म्हणाली, ‘‘मणी काढायचा नाही. ठुशीला काय धाड भरलीय!’’

दुसऱ्या दिवशी बंदूकवाल्यांना सांगितलं, मागे पीप बसवा, पुढच्या माशीला हात लावायचा नाही. ते म्हणाले, मणी जाड आहे, निशाणाचा थोडा भाग झाकेल. झाकू दे म्हटलं. त्यांनी मान हलवत साइट बसवून दिली.

रविवारी आई हट्टाने रेंजवर आली. गाडीत तिने नातीला दटावलं, ‘‘मणी मी दिला हे बाहेर बोलायचं नाही हां.’’ नात म्हणाली, ‘‘पण आज्जी, मतलब, आजोबा तर आता...’’ ‘‘नाही म्हटलं ना,’’ आई म्हणाली, विषय संपला.

चांगलीच थंडी होती. आई मागे खुर्चीत बसली, अंगावर शाल, डोक्यावर पदर आणि पदरावर आवाज अडवायचे, हेडफोनसारखे कानाचे मोठे बोळे. मुलीने फोटो काढला, आईने तो लगेच पुसायला लावला.

मी गाल टेकवला. पीपच्या भोकाकडे बघायचं नसतं, नुसतं त्यातून बघायचं. पाहिलं. डाव्या बाजूचं ऊन मण्यावर पडलं होतं. मणी गोल, पिवळाधमक, त्याची कड अगदी रेखीव, आणि त्याच्या डोक्यावर निशाणाचा काळा गोल टेकलेला.

‘‘दिसली!’’ मी मोठ्याने म्हणाले. रेंजवर असं बोलत नाहीत. आजूबाजूच्यांनी माना वळवल्या. बघू देत.

पाच गोळ्या मारल्या. दोन भलतीकडेच गेल्या. तीन मात्र मधोमध, एका तिळाच्या लाडवाखाली झाकतील इतक्या जवळ-जवळ. कोच कार्ड घेऊन आले, खूश दिसले. मग रायफल निरखायला वाकले आणि नळीच्या टोकाशी थबकले. ‘‘मैडम, ये सोने का दाना? ये किसने लगाया?’’

नेहमीची गोष्ट माझ्या ओठांवर तयारच होती, पिताजींनी चोरला म्हणून. मी तोंड उघडलं आणि मागे पाहिलं. आईने कानाचे बोळे काढून मांडीवर ठेवले होते. तिचा हात गळ्यातल्या ठुशीवर होता. ती माझ्याकडे बघत होती, मग कोचकडे बघायला लागली.

‘‘हमने दिया,’’ ती म्हणाली, अगदी ठणठणीत आवाजात. ‘‘साहेब को दिखता नई था.’’

कोचनी मान झुकवून तिला नमस्कार केला.

‘‘मुझे भी नहीं दिखता था,’’ मी म्हणाले, आणि पुढच्या फेरीसाठी लिव्हर खाली ओढला.