जंगलूची खांदशेकणी

रोहणा गावात शकुबाईच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती. निंदणाच्या बायांची ती पुढारीण. नवरा गेल्यावर स्वतःच्या दोन हातांवर जगली, पण कुणापुढे वाकली नाही. तिचा धाकटा भाऊ जंगलू मात्र गरीब गाय. डोमाजी पाटलाकडे सालदार, म्हणजे वर्षभराचा बांधलेला गडी. मालगुजारी, म्हणजे गावाची जमीनदारी, कायद्याने गेली, पण डोमाजीच्या अंगातली काही जाईना.

जंगलूची बायको आधीच वारलेली. आषाढात त्याची एकुलती पोर तापाने फणफणली, तेव्हा शकुबाईने शेतात निरोप धाडला. जंगलू बैलांमागे डवरा, म्हणजे कोळपं, हाकत होता. पाटील म्हणाला, "डवरा सुटू दे, मंग जाय." डवरा सुटला तोवर पोर गेली होती.

तेव्हापासून जंगलूची वाचा बसली. जुवावर हात ठेवून नुसता रडायचा. गाव म्हणालं, बाधा झाली. पाटलाने त्याला गोठ्यात खुंट्याला बांधून घातलं आणि भगताला सांगावा धाडला, पोळ्याच्या दिवशी तापल्या सळईने डागायचं.

शकुबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. पोर मेल्यावर बाप रडला, यात भुताचं काय काम? ती दारोदार फिरली. साऱ्यांनी माना खाली घातल्या. मेल्यांनो, बैल लंगडला तर जेवण सोडता, आणि माणूस मोडला तर डाग देता!

पोळ्याच्या आदल्या सांजेला खांदशेकणी होती. पाटील हळद-तुपाने बैलांचे खांदे चोळत होता. रीतीप्रमाणे मायेने म्हणत होता, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." पलीकडच्या खुंट्याला जंगलू.

शकुबाई तरातरा आत आली. तिने पाटलाच्या हातची वाटी हिसकावली आणि जंगलूचे खांदे चोळायला बसली.

"काय करून राह्यली वं?" पाटील ओरडला.

"बैलाचा खांदा दुखते, हे समजते तुमाले. याचा काऊन नाई समजत?" मग भावाकडे वळून ती हळू म्हणाली, "जंगलू, बापा, आज आवतन घे. उद्या माह्या घरी जेवाले येजो."

जंगलूचे खांदे गदगदले. आषाढापासून मिटलेले ओठ हलले.

"मालक, पोरीकडे मले काऊन नाई जाऊ देलं?"

पाटील दोन पावलं मागे सरला. "पाह्यलं? भूत बोललं!"

शकुबाईने कमरेचा विळा काढून जंगलूला बांधलेलं चऱ्हाट कापलं.

"भूत नाई, पाटील. पोरीचा बाप बोलला."