कानांनी पाहिलेला पिक्चर

लग्न नवं होतं तेव्हा आम्ही यांच्या मावशीकडे धुळ्याला गेलो होतो. टॉकीजला भुताचा पिक्चर लागलेला, आणि यांना तो बघायचाच होता. मी गेले, बसले, पडद्यावर नावं सुरू झाली तशी पदर तोंडावर घेतला, तो मध्यंतरात बटाटावडा खायला काढला. वडा संपला, पदर परत वर. म्हणजे तो पिक्चर मी पाहिला नाही, ऐकला. घुंगरू कधी वाजले, दार कधी करकरलं, बाई कधी किंचाळली, सगळं पाठ. दिसलं काय, ते मात्र विचारू नका.

असोद्याला घरी परत आले तर सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, विचारलं, "भेली नई का व?"

"त्यात काय भ्यायचं, आत्याबाई," मी म्हटलं.

झालं. आत्याबाईंनी ते गल्लीभर केलं. "आमची सून भुताले भेत नई." चांगली दहा वर्षं हे चाललं. कोणाच्या गोठ्यात साप निघाला तरी मला बोलावणं यायचं. मी सगळ्यांच्या मागे उभी राहून म्हणायची, "हं, आहे, तिथंच आहे." आत्याबाईंची मान ताठ.

मग घरात टीव्ही आला, केबल आली, आणि एका भुताच्या मालिकेनं सगळ्यांना वेड लावलं. रात्री बघायची कोणाची हिंमत नव्हती. पण तोच भाग दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा दाखवत. आणि एकदा आठ दिवस आधीपासून जाहिरात सुरू झाली की आता त्या गाजलेल्या पिक्चरची गोष्ट या मालिकेत येणार. माझ्याच पिक्चरची.

नेमकी तीच दुपार आमच्याकडे उडदाच्या पापडांची निघाली. नणंदेचं लग्न होतं. आमच्याकडे रीत अशी, की ज्या घरी पापड तिथे गल्लीतल्या बायका आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन येतात. पीठ सकाळीच कुटून ठेवलेलं. ते काही थांबत नाही, वाळलं की लाटता येत नाही. आणि बायका म्हणतात, मालिका बघायची आहे, पण भीती वाटते, आम्ही आपल्या घरीच दार लावून बसतो.

आत्याबाई म्हणाल्या, "इथंच बसा अन् लाटा. आमच्या सूनबाईनं पाह्यला तो पिक्चर. भूत यायच्या आधी ती सांगीन, तुम्ही डोये झाका."

सात बायका, त्यांच्यासमोर टीव्ही, आणि मी लाट्या करत एका बाजूला. दहा वर्षांत माझं बिंग फुटायची वेळ आली नव्हती, ती आता आली. माझं एक सोडा, पण आत्याबाईंनी गल्लीत काय तोंड दाखवायचं?

भाग सुरू झाला. मी आपली कान लावून. वारा सुटला, म्हटलं, "झाका." दार करकरलं, "झाका." घुंगरू वाजले, "झाका." बाहेर रस्त्यावर भांडीवाल्यानं थाळी वाजवली, तरी म्हटलं, "झाका." बायकांनी डोळे मिटले तरी हात थांबायचे नाहीत. सवयीनं लाटतच राहायच्या. पापड कुठला, एकेकीच्या पोळपाटावर तालुक्याचा नकाशा.

शेजारच्या अक्का मिटल्या डोळ्यांनी म्हणाल्या, "वहिनी, कितीक वेळ झाकू? भूत दुपारभर शे का?" अक्का पारोळ्याच्या, तिकडे 'आहे'ला 'शे' म्हणतात.

तेवढ्यात सगळं शांत झालं. वारा नाही, घुंगरू नाही. मला आठवलं, टॉकीजातही इथे सगळे गप्प बसले होते. तेव्हा मला वाटलं होतं, पिक्चर कंटाळवाणा झाला असेल.

"उघडा," मी म्हटलं. "आता बराच वेळ काही नाही."

सातही जणींनी डोळे उघडले. मी मात्र सवयीनं पदर वर घेतला होता. पडद्यावर काय झालं ते मला नंतर कळलं. खिडकीतून एक हात आत आला आणि हातामागून सावकाश बाकीची बाई. आवाज मुळीच नाही.

टॉकीजात लोक गप्प का होते, ते मला तेव्हा समजलं.

एक लाटणं टीव्हीखाली गेलं. अक्का तेलाच्या वाटीत बसल्या. वाळत घातलेल्या पापडांवरून दोघी पळाल्या, त्यांच्या टाचा आणि बोटं पापडांवर उमटली. मग कोणीतरी टीव्ही बंद केला. आत्याबाईंनी लाटण्याच्या टोकानं माझ्या तोंडावरचा पदर बाजूला केला.

"धुळ्याले तू काय पाह्यलं व?"

आता लपवायचं कुठे. "बटाटावडा, आत्याबाई."

सगळ्या बायका आत्याबाईंकडे बघायला लागल्या. त्यांनी शांतपणे पोळपाट पुढ्यात ओढलं, एक लाटी घेतली. "अन् वारा, दार, घुंगरू? ते बराबर सांगितलं का नई तिनं?"

"सांगितलं," अक्का पातळ झटकत म्हणाल्या.

"मंग. दहा वर्सं झाली ऐकून, तरी ध्यानात शे—" आत्याबाई अक्कांच्या बोलीत घसरल्या आणि स्वतःच हसल्या. त्या हसल्या म्हणून सगळ्या हसल्या, आणि हसता हसता पीठ संपवलं.

लग्नात विहीणबाईंनी टाचेचा ठसा असलेला पापड उजेडात धरून बराच वेळ बघितला. आणि गल्लीत पुढच्यांदा साप निघाला तेव्हा मी घरात सुटकेचा निःश्वास टाकणार, तोच ओट्यावरून आत्याबाईंचा आवाज आला, "आमच्या सूनबाईले बोलवा. तिचे कान लई तेज आहेत."