ओबासानसाठी बांधलेली केबिन

मंडळी, आज दुपारपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून इथे लिहितोय.

इथे जपानमध्ये सेंदाईजवळ मी ज्यांच्याकडे भाड्याने राहतो, ते सातो-सान सत्तरी ओलांडलेले. त्यांचा मुलगा २०११च्या त्सुनामीत गेला. त्याची कबर टेकडीवर आहे. हिवाळ्यात बर्फातून तिथे कार जात नाही, शेतातली एटीव्ही, म्हणजे जाड टायरांची, मोटरसायकलसारखी चारचाकी, तेवढी चढते. पण ती उघडी. मागे बसणाऱ्या ओबासानना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, वारा सोसत नसे.

म्हणून ऑक्टोबरपासून सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं त्या गाडीला केबिन बांधत होतो. ग्रीनहाउसचे जुने पाइप, जाड प्लास्टिक, पुढे अॅक्रिलिकची काच. फक्त दार राहिलं होतं, आणि ओबासान झोपेतच गेल्या.

मला वाटलं, आता काम थांबणार. सातो-साननी एकट्यानं दार बसवलं.

इथे दहनानंतर घरातल्या सगळ्यांच्या अस्थी एकाच कबरीत ठेवतात; आज ओबासानच्या अस्थी मुलाच्या कबरीत ठेवायच्या होत्या. बर्फ पडत होता. त्यांनी अस्थिकलश मागच्या सीटवर ठेवला, पट्ट्यानं बांधला, दार नीट लावलं आणि अगदी हळू गाडी चालवली. मी मागून चालत गेलो.

परतताना म्हणाले, "आता तुम्ही बसा मागे."

मी बसलो. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "वारा येतोय का?"

"नाही. अजिबात नाही."

"म्हणजे जमलं होतं," एवढंच म्हणाले.

माणूस गेल्यावर त्याच्यासाठी सुरू केलेलं काम तुमच्यापैकी कुणी पुरं केलंय का? केल्यावर बरं वाटतं का हो?