सहादेवाच्या शेतातलं स्टेशन

बोरखडी कर्जतच्या पलीकडं कुठंतरी आहे, याहून नेमका पत्ता देता येत नाही, कारण देणार कसा? रस्ताच तिथवर जात नाही. मोटार फाट्यावर उतारू टाकायची आणि आपली सुटका झाली अशा घाईनं धूळ उडवत निघून जायची. तिथून अडीच कोस पायी. गावात पाहुणा दिसला की लोक आधी विचारत, "कोन गेलं?" आणि मग पाणी देत. तेही तांब्या अर्धा भरून.

पाण्याचंच तर रडं होतं. चैत लागला की गावची विहीर तळ दाखवायची आणि बायका ओढ्यापलीकडच्या वस्तीवर, कोसभर लांब, हंडे घेऊन निघायच्या. सहादेवाच्या साळूबाईनं हे तीस वर्षं केलं होतं. तिच्या डोक्यावर चुंबळीच्या जागी केस उगवायचे कधीच थांबले होते. एकुलती एक लेक रतन, ती नगरजवळ केडगावला दिली होती. तिच्या अंगणात आड होता. साळूबाई तिच्या बाळंतपणाला गेली, तेव्हा आडाच्या काठावर बसून नुसतीच पोहरा सोडायची आणि वर ओढायची. रतन म्हणाली, "आये, रांजन भरला की." साळूबाई म्हणाली, "भरूं दे की. मी खेळतीया."

त्या दिवसापासून तिच्या मनात एकच होतं. अकरा एकर फुंकून टाकावी आणि मरेपर्यंत केडगावला आडाशेजारी राहावं. पण जमीन घेणार कोण? अकरांतले सात एकर तर बरड. त्यात कुसळं आणि दगड ही दोनच पिकं हमखास यायची.

अशात एकेचाळीस साली मोजणीवाले आले. साखळी, झेंड्या आणि तीन पायांचं यंत्र. इथून आगगाडी नेता येईल का, ते बघत होते. त्यांनी वाटेत सागाच्या खुंट्या ठोकल्या आणि सहादेवाच्या बरडात मधोमध एक दगड पुरला. त्याला चुना लावला, वर काळ्या रंगानं आकडा घातला. सहादेवानं त्यांच्यातल्या कारकुनाला भाकरी-ठेचा खाऊ घातला आणि विचारलं, "हितं काय हुईल, साहेब?"

कारकून भला माणूस. खाल्लेल्या भाकरीला जागून म्हणाला, "काय सांगावं बाबा, ठेसनसुद्धा होईल."

चार शब्दांचं ते सौजन्य. पण सहादेवाच्या डोक्यात ते बाभळीच्या काट्यासारखं मोडून बसलं. स्टेशन झालं की जमिनीला भाव, भाव आला की गिऱ्हाईक, गिऱ्हाईक आलं की केडगाव. त्यानं त्या वर्षी दगडाभोवतीचा पट्टा पेरलाच नाही. साळूबाईनं कारण विचारलं, तर म्हणाला, "फलाटावर बाजरी कोन पेरतं?"

मोजणीवाले गेल्यावर चौथ्याच दिवशी सागाच्या खुंट्या नाहीशा झाल्या. बांधाला बांध असलेला शेजारी छगन दारात विडी ओढत बसला होता आणि त्याच्या चुलीतून झकास धूर निघत होता.

"खुट्या तू उपटल्यास व्हय रं?"

"लई चांगली जळली," छगन म्हणाला. "सरकारी लाकूड ते सरकारी लाकूड. आता तुजा त्यो दगूड बी बघून ठिवलाय. माज्या बांधाला दगडाच्या ताली घालायच्या हायेत."

सहादेवानं दोन रात्री दगडाशीच काढल्या. राखण तरी किती करणार? मग पुढच्या बाजारी त्यानं कर्जतहून शेंदूर आणला. भर दुपारी, गाव घोरत असताना, तो तेलात कालवला आणि आकड्यासकट दगडाला थापला. दोन लिंबं ठेवली. संध्याकाळी पारावर जाऊन सांगितलं, "म्हसोबा सपनात आला. म्हनला, मला हितंच ऱ्हायचंय."

हे त्यानं साळूबाईलासुद्धा खरं सांगितलं नाही. तिला खोटं पचत नसे, आणि पोटात काही न ठरणारी बायको हा शेतीतला मोठा धोका आहे, असं त्याचं मत होतं.

दगड वाचला. एवढंच नाही, वर्षभरात भरभराटीलाही आला. छगनची हरवलेली म्हैस तिसऱ्या दिवशी त्या दगडाला अंग घासताना सापडली, आणि ज्याला दगड तालीत घालायचा होता त्यानंच पहिला नारळ फोडला. आखाडात बोकडं पडू लागली. गाव त्याला ठेसनाचा म्हसोबा म्हणू लागलं. स्टेशन मात्र आलं नाही. लढाई भडकली, लोखंड लढाईवर गेलं, मोजणीवाले गेले ते गेले. सहादेव रोज पूर्वेच्या माळावर बघायचा. तिकडून मेंढरं यायची.

आणि साळूबाई रोज वस्तीवरून येताना बरडात थांबायची, डोक्यावरच्या हंड्यातलं एक तांब्या पाणी म्हसोबावर ओतायची, डोळे मिटून काहीतरी पुटपुटायची. सहादेव दुसरीकडं बघायचा.

अशी सात वर्षं गेली. अट्ठेचाळीसच्या चैतात रतनचं पत्र आलं: शेजारचं दोन खणांचं घर विकायला निघतंय, अंगणात आड आहे, मालक महिनाभर थांबायला तयार आहे. आणि काय योग बघा, त्याच आठवड्यात गिऱ्हाईकही आलं. कर्जतच्या आप्पासाहेबांना मोसंबीचं वेड लागलं होतं. हलकी जमीन त्यांना चालणार होती, नव्हे, हवीच होती. त्यांची अट एकच. विहिरीला पाणी दाखवा, मी अकराच्या अकरा एकर घेतो.

आप्पासाहेब पाणाड्याला सोबत घेऊनच आले. त्यानं तळहातावर नारळ आडवा ठेवला आणि चालायला लागला. मागं आप्पासाहेब, त्यांच्यामागं सहादेव, त्याच्यामागं न बोलावलेला छगन, आणि छगनमागं निम्मं गाव. काळ्या रानात नारळ निजलेला. बांधाकडं निजलेला. बरडात शिरल्यावर नारळानं कूस बदलली. शेंदरी दगडाजवळ तो डुगडुगायला लागला, आणि दगडाला पाय लागेल इतक्या जवळ गेल्यावर तळहातावर ताठ उभा राहिला.

"हितं," पाणाड्या म्हणाला. "बरूबर याच्याखाली. दुसरीकडं थेंब न्हाई."

छगननं पायातली वहाण काढली. "उगं का द्यावानं हीच जागा मागितली?"

आप्पासाहेबांनी दगडाकडं बघितलं, हात जोडले आणि दोन पावलं मागं सरकले. "सहादेवराव, माणसाची जमीन विकत घेता येते. देवाची कशी घेऊ? इथं सुरुंग लावायचा म्हणजे..."

"न्हाई ओ, आप्पासाहेब." सहादेव मधे आला. "ह्यो देव न्हाई. मोजनीचा दगूड हाय. शेंदूर मी थापलाय, या हातांनी. छगन नेल म्हनून. खरवडून बघा, खाली आकडा हाय."

तो वाकला आणि नखानं शेंदूर खरवडू लागला. पण सात वर्षांचा शेंदूर तो, बोटभर जाड. त्याखाली काही निघेना. चौघांनी त्याचे हात धरून मागं ओढलं.

"सपान कुनाला पडलं हुतं मंग?" छगननं विचारलं.

"पडलं नव्हतं. खोटं सांगितलं मी."

"तवा खोटं सांगितलंस का आता सांगतुयास? आता तुला जमीन इकायचीया."

छगन चेष्टाही करत नव्हता, हेच वाईट होतं. त्याला खरंच सहादेवाची कीव येत होती. "आरं, आनला असशील तू," तो समजुतीनं म्हणाला, "म्हनून का त्यो तुजा झाला? आता त्यो गावाचा. कुदळ लागली तर गावाचं वाटुळं हुईल. आन पूजा तुज्याच घराकडं ऱ्हाईल, तेवढी काळजी करू नगंस."

आप्पासाहेब फाट्याकडं निघाले. मोटार गाठायची होती.

गर्दी पांगली तेव्हा सहादेवाला दिसलं, ओढ्याच्या वाटेवर साळूबाई डोक्यावर दोन हंडे घेऊन उभी होती. केव्हाची, कोण जाणे. ती जवळ आली. हंडे उतरवले नाहीत.

"दगूड हाय?" तिनं विचारलं.

"व्हय."

"ठावं हुतं तुमास्नी?"

सहादेव नखातला शेंदूर धोतराला पुसू लागला.

"मंग सात वरसं मी पानी कुनाला घातलं? केडगावचं मागनं कुनाजवळ मागितलं?"

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त दगडाकडं बघितलं, त्याच्याखालच्या जमिनीकडं बघितलं, आणि घराकडं चालू लागली.

रतनच्या पत्राला उत्तर गेलं नाही. महिना सरला. गावानं पारावर बसून ठरवलं की देवाला रोज अंघोळ घालायची, आणि ज्याचं रान त्यानंच घालायची. म्हणजे रोज एका तांब्याच्या जागी एक कळशी. वस्तीवरची एक खेप वाढली.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर यायच्या आत साळूबाई ती जादा खेप करून आली. दारात सहादेव बसला होता. तिनं कळशी त्याच्या पुढ्यात ठेवली.

"जावा," ती म्हणाली. "तुमचं ठेसन तहानलं आसंल."

आणि चुंबळ काढून, टक्कल पडलेल्या जागेवर पदर ओढून, ती रिकामे हंडे घेऊन पुन्हा ओढ्याच्या वाटेला लागली. घरातल्या रांजणाचं पाणी अजून आणायचं होतं.