डोक्यावरचं ढेकूळ आणि मोबाइलवरची सुनावणी

माझ्याविरुद्धच्या केसची तारीख विचारायला काका माझ्याच घरी यायचे. काका म्हणजे आमचे शेतशेजारी. नात्याने कोणी नाहीत, पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाला गावात दुसरं काही म्हणत नाहीत. त्यांच्याकडे बटनांचा मोबाइल. तहसिलीतून संदेश आला की तो मोबाइल हात लांब करून धरत ते आमच्या फाटकात उभे राहत.

"बापू, पाह्य बरं, कोनाची केस हाय?"

"तुमची हाय काका."

"कोनासंगं?"

"माह्यासंगं."

"हाव, मंग ठीक हाय. कधी हाय?"

मी तारीख आणि वेळ कागदावर लिहून द्यायचो. प्रतिपक्षाला वेळेवर सूचना मिळाली नाही तर सुनावणी पुढे जाते, आणि ते मला परवडणारं नव्हतं.

प्रकरण रस्त्याचं होतं. माझं साडेतीन एकर शेत काकांच्या शेताच्या मागे आहे आणि जायला त्यांच्या धुऱ्याकडेने एकच वाट; पुढे तिच्या एका बाजूला काकांची तूर, दुसऱ्या बाजूला माझं सिमेंटच्या खांबांचं कुंपण. धुरा म्हणजे आमच्याकडे बांध. पेरणीनंतर फवारणीचा ट्रॅक्टर नेताना चाकाखाली त्यांच्या तुरीची झाडं गेली. काका म्हणाले चाळीस. मी जाऊन मोजली, अकरा होती, आणि तसं त्यांना सांगितलं. झाडं गेल्याचं त्यांना फारसं वाटलं नसावं. मी मोजली, याचा मात्र त्यांना भयंकर राग आला. दुसऱ्या दिवशी वाटेवर बाभळीच्या फांद्या पडल्या. खामगावला जिनिंगच्या वजनकाट्यावर माझी एकवीस वर्षं गेली आहेत. आकडा चुकीचा ऐकला की तो दुरुस्त केल्याशिवाय मला राहवत नाही, याची घरच्यांना सवय आहे. काकांना नव्हती.

मी तहसिलीत अर्ज केला. तोवर सोयाबीन सोंगून झालं, शेतात सुडी, म्हणजे कापलेल्या पिकाची गंजी, लागली, वर ताडपत्री टाकली. मळणी यंत्र मात्र वाटेअभावी गावात उभं. रोज आभाळ भरून येत होतं. एक जोराचा पाऊस पडला की सुडीतल्या दाण्याला कोंब फुटणार, आणि वर्षाचं पीक ढोरांपुढे टाकावं लागणार. म्हणून मला घाई होती. काकांना नव्हती.

अशा भांडणांचा निकाल कसा लागायचा, हे आमच्या घरात तीन पिढ्यांनी तीन तऱ्हांनी पाहिलं आहे. आजोबांच्या वेळी पंच बसत आणि म्हातारा माणूस वादाच्या जमिनीतलं ढेकूळ डोक्यावर घेऊन हद्दीवरून चालत जाई. तो चालला ती हद्द. खोटं चालला तर जमीन त्याला गिळते, अशी समजूत होती. वडिलांच्या वेळी मोजणीची साखळी आली, नकाशा आला, वकील आले, आणि ज्या धुऱ्यावर एक दिवस चालून भागत होतं त्याला नऊ वर्षं लागली. माझ्या वेळी सगळं मोबाइलवर. अर्ज त्यावर, तारीख त्यावर, जमिनीचा नकाशासुद्धा त्यावर, आणि आपण कुठे उभे आहोत हे दाखवणारा एक निळा ठिपका. शेतात उभं राहून मी तो उघडला, तेव्हा ठिपक्याच्या म्हणण्याप्रमाणे मी काकांच्या विहिरीत होतो.

यावेळची सुनावणीही मोबाइलवरच होती. काकांच्या मोबाइलवर चेहरा दिसण्याची सोय नाही. गैरअर्जदार हजरच नसेल तर निकाल एकतर्फी व्हायचा, आणि ते मला पटेना. मी त्यांना घरी बोलावलं. नेट फक्त आमच्या गच्चीवर येतं, तेही पाण्याच्या टाकीजवळ. तिथे मी बाज टाकली, मोबाइल टाकीच्या नळाला टेकवला आणि आम्ही दोघं शेजारी बसलो.

पडद्यावर तहसीलदार साहेब आले. "अर्जदार कोण?"

"मी, साहेब."

"आणि गैरअर्जदार?"

"मी बी इथंच हाय ना साहेब, बाजूले!"

साहेबांनी चष्मा वर केला. "तुमचा समेट झालाय का?"

"नाही!" आम्ही एकदमच म्हणालो.

"मग एका बाजेवर कसे?"

"नेट इथंच येते, साहेब," काका म्हणाले.

साहेबांनी गैरअर्जदाराला जरा अंतर ठेवून बसायला सांगितलं. काका सरकले आणि पडद्यावरून गेले. साहेबांनी त्यांना परत बोलावलं. एवढ्यात बायको चहा घेऊन आली, आणि साहेबांनी या बाई कोणत्या पक्षाच्या म्हणून विचारलं.

"काकांचा बिनसाखरेचा हाय, एवढं सांगाले आली," ती म्हणाली आणि कप ठेवून खाली गेली.

मग मी माझं टिपण वाचायला घेतलं. माझ्या कुंपणापासून काकांच्या शेताकडे आठ फूट तीन इंच, लांबी चारशे बारा फूट, प्रत्येक पन्नास फुटांवरची रुंदी वेगळी. दुसऱ्या पानावर काकांनी हात जोडले.

"साहेब, याचा कागद सरेपर्यंत त्याचं सोयाबीन उगवून जाईन. याच्यापक्षा मी ढेकूळ घेऊन चालतो. माहा आजा चाल्ला होता."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग ते म्हणाले, असं कायद्यात कुठे नाही. पण उद्या स्थळपाहणी व्हायचीच आहे, तेव्हा गैरअर्जदाराला वाट चालून दाखवायची असेल तर तो डोक्यावर काय घेतो याला शासनाची हरकत असण्याचं कारण नाही. मोबाइलवरून मीही बघतो.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तलाठी आले. त्यांचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, गावात अजून कोणाला ते एका दमात म्हणता येत नाही. काका अंघोळ करून, अनवाणी, धुतलेलं धोतर नेसून हजर होते. आदल्या संध्याकाळी सर पडून गेली होती, त्यामुळे ढेकूळ असं काही मिळेना. काळ्या मातीचा लोंदाच मिळाला. किती घ्यायचा हे कोणालाच माहीत नव्हतं. काकांनी दोन्ही हातांत मावेल तेवढा उचलला. माझ्या अंदाजाने साडेचार किलो.

"पंचनाम्यात काय लिहू बे, ढेकूळ का लोंदा?" तलाठ्यांनी मला विचारलं. आम्ही एका वर्गात होतो.

"माती लिही."

डोक्यावर माती असताना बोलायचं नाही, हा नियम. काका निघाले. मी मोबाइल त्यांच्याकडे धरून उलटा चालत होतो, साहेब त्यात होते. काका बाभळीच्या फांद्यांपाशी येऊन थांबले. मला वाटलं आता वळसा घालतील आणि माझी वाट गेली. ते तसेच उभे. मातीचं पाणी कानामागून सदऱ्यात उतरत होतं. मग त्यांनी हाताने खूण केली, उचला. वाकलं तर लोंदा पडला असता, म्हणून स्वतःच टाकलेल्या फांद्या त्यांना उचलता येईनात. मी मोबाइल खिशात टाकला आणि तलाठ्यांबरोबर फांद्या ओढल्या. तेवढा वेळ साहेबांना फक्त अंधार दिसला आणि "पाय! पाय पाह्य बे!" एवढंच ऐकू गेलं.

काका सरळ पुढे गेले. वाट होती, हे सिद्ध झालं. मला इतका आनंद झाला की ते माझ्या कुंपणाला जाऊन भिडल्याचं उशिरा लक्षात आलं. चौथ्या सिमेंटच्या खांबाला छाती लावून ते उभे होते आणि बोटाने खांब दाखवत होते.

"काका, वाट डावीकडून हाय," मी म्हणालो. काका बोलत नव्हते. बोट तसंच.

मी टेप काढला. जुन्या हद्दीच्या दगडापासून मोजलं, मग पुन्हा मोजलं. माझे खांब वाटेत एक फूट सात इंच आत आले होते. माझी सगळी मोजणी त्याच कुंपणापासून सुरू झालेली. म्हणजे आकडे बरोबर होते, सुरुवात चुकीची होती. ट्रॅक्टर माझ्याच खांबांमुळे सरकून तुरीत गेला होता.

तलाठी माझ्याकडे बघत होते. गप्प राहिलो असतो तर त्या खांबांमुळे मळणी यंत्रही काकांच्या तुरीवरून गेलं असतं.

"साहेब, खांब माहे चुकले," मी म्हणालो.

साहेबांनी कानाला हात लावला. मी मोठ्याने म्हणालो. त्यांनी मान हलवली. खिशातून काढताना माझ्या मोबाइलचा आवाज बंद झाला होता. तो सुरू करून मी तिसऱ्यांदा म्हणालो, तेव्हा दोन शेतांपलीकडे कापूस वेचणाऱ्या बायाही थांबल्या.

साहेबांनी तिथल्या तिथे सांगितलं: वाट खुली, खांब हटवा, लेखी आदेश उद्या. खांब काढायला तीन तास लागले. काका डोक्यावर लोंदा घेऊनच बसले होते, कारण तो समोरच्या पक्षाने उतरवायचा असतो आणि माझे हात पहारीत गुंतलेले. बायकोने येऊन आठवण केली तेव्हा मी उतरवला.

काकांनी मोटारीच्या पाण्याखाली डोकं धरलं. मी त्यांच्याबरोबर वाटेवर परत आलो. म्हटलं, "काका, तुम्ही खरं चालले, मोठी गोष्ट हाय."

"खरं कायचं बे! मी वळूनच जानार होतो. पन एवढा लोंदा डोक्यावर असला का मान वळतच नाही. मंग म्हटलं, जा सरळ."

तेवढ्यात गावाकडून मळणी यंत्राचा भोंगा वाजला. ड्रायव्हर लांबूनच ओरडत होता, आणि आम्ही दोघं वाटेच्या मधोमध उभे होतो. काकांनी ओल्या हाताने माझं मनगट धरून मला बाजूला ओढलं.