कुंकवाच्या विमानाला पहिला क्रमांक

सन १९९६, श्रावण. कळस येथील माझ्या साडूंच्या घरी धातूचे छोटे प्रवासी विमान आले. जबाबदार : त्यांचे परदेशी नोकरीला असलेले जावई.

त्याच वर्षीची खंडेनवमी. त्या विमानाच्या पांढऱ्या नाकावर हळदकुंकू लावण्यात आले. जबाबदार : माझी मेहुणी, म्हणजे साडूंची पत्नी.

त्याच वर्षी, दिवाळीनंतर. बारामतीच्या छंद-प्रदर्शनात त्याच विमानाला, त्याच कुंकवासह, पहिला क्रमांक देण्यात आला. जबाबदार : परीक्षक मंडळाचे अध्यक्ष, आणि एकटे अध्यक्षच, कारण उरलेले दोन परीक्षक त्यांच्या मानेकडे पाहून आपली मान हलवीत होते.

माझी सारी नोकरी इंदापूरच्या न्यायालयात लिपिक म्हणून गेली. आरोप आधी मांडावा आणि पुरावा मागून जोडावा, ही तिथली शिस्त निवृत्तीनंतरही माझ्या हातून सुटलेली नाही. प्रतिपक्ष सांगेल त्याआधी एक गोष्ट मीच नोंदवून ठेवतो. मला मत्सर वाटला. श्रावणात वाटला, दिवाळीत वाटला आणि हे लिहिताना वाटतो आहे. परंतु साक्षीदाराला मत्सर वाटतो एवढ्यावरून त्याने डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट खोटी ठरत नाही.

साच्यात धातू ओतून केलेली ही छोटी विमाने मी नोकरीत असतानाच जमवू लागलो होतो. कामानिमित्त मुंबईला जाणे झाले की फोर्टातल्या एका दुकानात जायचे, काचेपाशी उभे राहायचे आणि साधले तर एखादे घेऊन यायचे. निवृत्त होऊन बारामतीत राहायला आल्यावर त्यांच्यासाठी काचेचे कपाट करून घेतले. सर्वांत वर माझे जंबो जेट. घरी येणारे लोक त्याला खेळणे म्हणत. मी त्यांना समजावून सांगत असे, आणि ते चहा संपेपर्यंत ऐकून घेत.

आमच्या आणि साडूंच्या, दोन्ही घरांत एके काळी मेंढरे होती. माझे वडील मला शाळेत घालून मोकळे झाले. साडूंच्या वडिलांनी कळसला जमीन धरली. कालव्याचे पाणी आले, डाळिंब आले, बंगला आला. या कशाचाही मला कधी हेवा वाटला नाही. डाळिंबे त्यांची, विमाने माझी, अशी वाटणी कोणी न करता झालेली होती. श्रावणात ती मोडली.

सत्यनारायणाच्या पूजेला आम्ही उभयता कळसला गेलो होतो. दूरदर्शन संचाच्या डोक्यावर, विणलेल्या रुमालावर, ते उभे होते. तेही जंबोच. साडू म्हणाले, "तात्या, तुमचं खेळणं आमच्याबी घरी आलं बरं का. जावयानं धाडलंय. बघा जरा, बरं हाय का फसवलाय त्याला?"

मी ते खिडकीपाशी नेले. अशा विमानाची पारख समोरून करायची नसते. तिरप्या उजेडात धरून, एक डोळा मिटून, शेपटाकडून नाकाकडे पाहायचे असते. खिडक्यांची रांग कुठे वाकली आहे काय, ते तेव्हाच कळते. वाकलेली नव्हती. पंख धडाला जिथे मिळतो तिथे हलक्या प्रतीच्या विमानात फट राहते आणि ती रंगाने बुजवलेली असते. इथे फट शोधावी लागत होती. छापलेल्या रेघांवरून नख फिरवले, तर नखाला काहीच लागेना. चारही इंजिने सारख्या उंचीवर लोंबत होती. टेबलावरच्या काचेवर ठेवून हलकेच ढकलले, तर प्रत्येक चाक फिरले आणि विमान सरळ गेले.

शेवटी मी जंबोच्या पाठीवरचा पुढचा उंचवटा पाहिला. माझ्या विमानातला सर्वांत मोठा दोष तिथेच आहे. त्याच्या शेपटाजवळ जी नोंदणीची अक्षरे छापली आहेत, ती नंतरच्या बनावटीच्या, लांब उंचवट्याच्या जंबोची आहेत, आणि कारखान्याने उंचवटा मात्र आखूड केला आहे. दुसऱ्याचे नाव लावून फिरणाऱ्या माणसासारखे ते आहे. हे माझ्याखेरीज बारामतीत कोणाला ठाऊक नव्हते आणि मी कोणाला सांगितले नव्हते. साडूंच्या विमानाचा उंचवटा लांब होता. अक्षरे त्याचीच होती.

"काय म्हंता?" साडूंनी विचारले.

"उत्तम आहे," मी म्हणालो. खोटे सांगण्याची मला सवय नाही.

"न्हाय, जड हाय बघा." त्यांनी ते माझ्या हातातून घेतले आणि बकरा बाजारात दाबून पाहावा तसा त्याच्या पाठीवर अंगठा दाबला. "पाठीला भरल्यालं हाय. पायबी बळकट."

"अहो, अंगठा दाबू नका. वजनावर गुणवत्ता ठरत नाही."

"मग कशावर ठरती?"

मी सांगू लागलो. तेवढ्यात आरतीला हाक आली आणि ते उठून गेले. त्या रात्री घरी परतल्यावर मी माझे जंबो कपाटातून काढले आणि पुन्हा एकदा शेपटाकडून नाकाकडे पाहिले. ते पूर्वीइतकेच चांगले होते. त्या दिवसापासून ते मला पुरेना.

बारामतीच्या वाचनालयाने भरवायच्या छंद-प्रदर्शनाची जाहिरात नवरात्रापूर्वी लागली. हौशी संग्राहकांनी आपली एकेक वस्तू मांडायची, परीक्षकांनी क्रमांक द्यायचे, आणि पहिल्या क्रमांकाची वस्तू वर्षभर वाचनालयाच्या काचेच्या कपाटात ठेवायची, असा ठराव होता. त्याच कपाटाच्या समोरच्या खुर्चीत मी रोज सकाळी वर्तमानपत्रे वाचतो. माझे विमान तिथे वर्षभर उभे राहावे, येणाराजाणारा थांबावा, त्याने विचारावे आणि मी सांगावे, एवढेच मला हवे होते. सबंध आयुष्यात मी दुसऱ्यांचे निकाल स्वच्छ अक्षरात उतरवले. एक निकाल माझ्या बाजूने व्हावा, ही अपेक्षा अवाजवी नव्हती.

अध्यक्ष हे निवृत्त प्राध्यापक. ग्रामीण भागातूनही वस्तू आल्या पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता आणि त्यासाठी ते स्वतः इंदापूर तालुक्यात हिंडले. कळसला साडूंच्या बैठकीत त्यांनी चहा घेतला, विमान पाहिले, आणि ते प्रदर्शनात मांडण्याचे वचन घेऊन उठले. मला हे खंडेनवमीला समजले; त्या दिवशी आम्ही कळसला जेवायला गेलो होतो.

अंगणात ट्रॅक्टर धुऊन उभा होता. शेजारी मुलाची मोटारसायकल; तो बारामतीच्या एमआयडीसीत कामाला जातो. कोयते, खुरपी, फवारणीचा पंप ओळीने मांडलेले. आणि ओळीच्या शेवटी, पाटावर, ते विमान. नाकावर ओल्या कुंकवाचे स्वस्तिक. दोन्ही पंखांवर हळदीची बोटे. उंचवट्यावरून झेंडूचा हार, पुढच्या चाकाखाली लिंबू.

"हे कोणी केले?" मी ओरडलो.

मेहुणी पदर सावरीत पुढे आली. "मी केलं. का वो, दाजी?"

"ही पुजायची वस्तू आहे काय?"

"आता गं बया! टॅक्टर पुजायचा, फटफटी पुजायची, आन इमान तेवढं बिनपुजंचं ठिवायचं? एवढ्या लांबनं आलंय त्ये."

"ते उडत नाही!"

"पंप तरी कुठं चालतोय? दोन वरसं झाली बिघडून. त्योबी पुजलाच की."

सगळे हसले. माझी पत्नीही हसली. मी ओल्या फडक्याने पुसू नका असे बजावले, कारण घासले तर छापलेल्या रेघा जातील. पण तोवर हळद रंगात उतरली होती. मला वाईट वाटले. इतके निर्दोष काम माझ्या डोळ्यांदेखत बिघडले होते. आणि जेवताना, पुरणपोळीच्या दुसऱ्या घासाला, मला हेही जाणवले की आता ते विमान स्पर्धेतून बाद झाले. संग्राह्य वस्तूची स्थिती हा पारखीचा पहिला निकष असतो. डाग पडला की सर्वोत्तम नमुनाही खाली उतरतो. हे जगभर मान्य आहे. बारामतीत ते मान्य नसेल, असे मानण्याचे मला काही कारण नव्हते.

प्रदर्शनात दोन्ही विमाने एकाच टेबलावर होती. अध्यक्षांनी माझे विमान समोरून पाहिले. नुसते समोरून! साडूंचे हातात घेतले, तळव्यावर तोलले आणि म्हणाले, "वा, चांगले जड आहे." मग स्वस्तिकाकडे पाहून त्यांचा चेहरा उजळला. निकाल वाचताना ते म्हणाले की, या विमानात आधुनिकता आणि परंपरा यांचा संगम झाला आहे. माझ्या विमानाला उत्तेजनार्थ.

मी उभा राहिलो. "अध्यक्षमहाराज, निकष कोणता?"

"अहो, त्या वस्तूला आपल्या मातीचा स्पर्श झालेला आहे."

"मातीचा नव्हे, हळदीचा. तो डाग आहे."

"तुमचे विमान कसे, नुकतेच दुकानातून आल्यासारखे दिसते."

"तसे दिसावे म्हणूनच मी ते सांभाळले आहे!"

सभागृहात हशा झाला. मागून साडूंचा दबका आवाज आला, "तात्या, खाली बसा. लोक बघत्यात."

दुसऱ्याच आठवड्यात साडू घरी आले. बराच वेळ पावसापाण्याचे बोलले. मग म्हणाले, "तात्या, राग धरू नगा. वरीस झालं की त्ये इमान तुमीच न्या. आमाला काय करायचंय? टीव्हीवरची जागा तरी मोकळी हुईल."

इतक्या सहज. ज्या वस्तूसाठी मी श्रावणापासून झोपेत कूस बदलत होतो, ती त्यांना जागा अडवणारी वाटत होती. ते खरोखर देत होते, मन मोठे करून देत होते, आणि त्यामुळेच मला ते सोसवेना.

"आणि वर्षभर?" मी विचारले.

"वरीसभर ऱ्हाऊ द्या की तितं. घरातली लई खुश हाय. सगळ्या बायका इचारत्यात तिला."

मी नकार दिला. ते विमान मला हवे होते. पण कुंकू लागण्यापूर्वीचे, आणि माझ्या नावाने कपाटात उभे असलेले. उपकार म्हणून मिळालेल्या वस्तूने निकाल दुरुस्त होत नाही.

तेव्हापासून वर्षभर रोज सकाळी मी त्या विमानासमोर बसलो. लोक थांबत आणि स्वस्तिकाविषयी विचारीत. खिडक्यांच्या रांगेविषयी एकानेही विचारले नाही. अध्यक्षांना मी पत्रे लिहिली, रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह. उत्तर आले नाही. वाचनालयात भेटले की ते हसून म्हणत, "वाचली बरं का तुमची पत्रं. भाषा फार छान." भाषेचा अभिप्राय मी मागितलेला नव्हता.

म्हणून आता अध्यक्षांना छापील पानावर विचारतो. आपण ते विमान तिरप्या उजेडात धरले होते काय? पंखाचा सांधा पाहिला होता काय? ते उत्तम होते हे मला आपल्याआधी ठाऊक होते, आणि कुंकू लागण्यापूर्वी आपण त्याला पहिला क्रमांक दिला असता तर मी मुकाट्याने घरी जाऊन माझा मत्सर माझ्याशीच ठेवला असता. आपण तो डागाला दिलात. डाग हा गुण असेल, तर तसा नियम करावा आणि सर्व संग्राहकांना कळवावा. नसेल, तर निकाल चुकला असे म्हणावे. हे उत्तर मला वाचनालयाच्या पायरीवर, खांद्यावर हात ठेवून नको आहे. ज्या व्यासपीठावरून निकाल वाचला, त्याच व्यासपीठावरून, वाचनालयाच्या वार्षिक सभेत, ध्वनिक्षेपक चालू असताना आणि माझे साडू पहिल्या रांगेत बसलेले असताना अध्यक्षांनी ते द्यावे.