ताजिनिसा खालाला हरायचं होतं

सकाळची नमाज झाली की ताजिनिसा खाला अंगणात यायची, उजव्या पायातला मोजा काढायची आणि अनवाणी पाऊल जर्दाळूच्या झाडाखालच्या मातीवर टेकवायची. डोळे मिटलेले, ओठ घट्ट. वैद्याने नाडी बघावी तशी ती जमीन बघायची. मग मोजा चढवता चढवता निकाल द्यायची, "अजून नाही."

रोज. नवरोज, म्हणजे वसंतातलं नववर्ष, होऊन गेला, बाजारात कोवळा पुदिना आला, तरी अजून नाहीच. आमच्या गल्लीतल्या बायका या निकालासाठी भिंतीवरून डोकावत, कारण त्यावर प्रत्येक घरातली संदली उचलायची की ठेवायची हे ठरे. संदली म्हणजे निखाऱ्यांच्या खड्ड्यावरचं बुटकं मेज आणि त्यावरची भलीमोठी गोधडी. हिवाळाभर सगळं घर तिच्यात पाय खुपसून बसतं, आणि वसंतात ती उचलली की घर अचानक मोठं आणि परकं वाटायला लागतं. खालाचे यजमान, उस्तो हमरोकुल, सुऱ्या घडवण्यात जन्म गेलेला माणूस, म्हणून उस्तो, म्हणजे उस्ताद. ते चहा फुंकत म्हणायचे, जमीन केव्हाच तापली आहे, थंड आहे तो हिचा पाय. पण संदलीतून उठायचे मात्र ते सगळ्यात शेवटी.

खाला माझ्या आईची थोरली बहीण. तिच्या आणि आमच्या अंगणात एकच मातीची भिंत होती आणि भिंतीत एक वाडगं जाईल एवढं भोक. त्यातून दही, मसूर आणि बातम्या ये-जा करत. इस्तरवशनच्या आमच्या मोहल्ल्यात ती दोन गोष्टींसाठी ओळखली जायची. एक हा पाय, आणि दुसरी म्हणजे बर्फाच्या पत्रात ती कधीच हरली नव्हती.

बर्फाचं पत्र आमच्याकडे सगळे खेळतात, म्हातारे तर जास्तच. हंगामाचा पहिला बर्फ पडला की मित्राच्या घरी कोणाकरवी तरी गुपचूप एक चिठ्ठी पोचवायची: बर्फ आमच्याकडून, मेजवानी तुमच्याकडून. घेणाऱ्याने बेसावधपणे ती हातात घेतली आणि आणणारा उंबऱ्याबाहेर पळाला, तर मेजवानी घेणाऱ्याच्या गळ्यात. पण आणणाऱ्याला जागीच पकडलं, तर त्याच्या तोंडाला कढईची काजळी फासायची आणि मेजवानी द्यायची पाठवणाऱ्याने.

खालाची दुगोना, म्हणजे शाळेच्या बाकापासूनची मैत्रीण, मस्तोना. चार घरं सोडून राहायची. तिने खालाला पत्र पाठवलं नाही असा हिवाळा मी पाहिला नव्हता. नानच्या पोटात, औषधाच्या खोक्यात, एकदा तर कोंबडीच्या पंखाखाली बांधून. खालाने कोंबडीसुद्धा पकडली आणि तिला काजळी फासली. दर वर्षी मस्तोना हरायची, दर वर्षी तिच्याकडे पुलाव शिजायचा, आणि खाला मानाच्या जागी, दारापासून सगळ्यात लांब, उशीला टेकून बसायची.

त्या वर्षीचा हिवाळा मात्र कोरडा गेला. बर्फाचा एक कणही पडला नाही. आणि नवरोजनंतर कळलं की मस्तोनाने घर विकलं. ती मुलाकडे राजधानीत, दुशान्बेला चालली, कायमची. सून शहलो बांधाबांध करायला आलीही होती. खालाने लगेच निरोपाच्या जेवणाचं आमंत्रण धाडलं. मस्तोना स्वतः येऊन नाही म्हणून गेली.

"माझा चाळिसावा घालतेस काय?" ती दारातच उभी राहून म्हणाली. "मेले नाहीये मी. गाडी येईल, बसेन, जाईन. पुलावाभोवती बसून रडारड मला नको."

खालाने आग्रह केला, रुसून पाहिलं, उस्तोंना मध्ये घातलं. मस्तोना ढिम्म. त्या संध्याकाळी खाला संदलीत गुडघ्यापर्यंत शिरून बसली आणि मला म्हणाली की सगळा जन्म हिच्या घरी मानाच्या जागी बसून खाल्लं, हिला एकदाही माझ्याकडे तसं बसवलं नाही. चहा प्यायला आली ती कायम दाराजवळच्या कोपऱ्यात, उठायच्या बेतात. आता ही जाणार, आणि माझी उशी कोरीच राहणार.

गाडीला दोन-तीन दिवस उरले असतील. सकाळी उठून पाहतो तर जर्दाळूच्या फुलांवर बर्फ.

गल्लीभर हळहळ. यंदा जर्दाळू गेले म्हणून शेजारणी कपाळाला हात लावून उभ्या. खाला एकटी अंगणात लहान मुलीसारखी हसत होती. तिने त्या दिवशी मोजासुद्धा काढला नाही.

"आता ती पत्र पाठवेल," ती म्हणाली. "आणि मी हरेन. जिंकलेली मेजवानी तिला नाकारता येणार नाही."

उस्तोंनी चहाचा पियाला खाली ठेवला. "तू? हरशील?"

"त्यात काय एवढं? सगळं जग हरतं."

पण पंचाईत अशी की नवरोजनंतरचा बर्फ पहिला बर्फ धरायचा की नाही, यावर मोहल्ल्यात दोन तट पडले. चहाखान्यातले म्हातारे म्हणाले, हिवाळा संपला, खेळ संपला. खालाने उस्तोंना टोपी घालून तिकडे पिटाळलं. त्यांनी तिथे शांतपणे सांगितलं की नवरोजला नवं वर्ष लागलं, मग हा नव्या वर्षाचा पहिलाच बर्फ नाही का? हे म्हाताऱ्यांना पटलं. कदाचित कोणाकडे तरी जेवायला मिळेल हेही पटलं असावं. खालाने तोच निकाल नानवालीच्या कानात घातला, म्हणजे तो चार घरं सोडून मस्तोनाकडे आपोआप पोचला.

मग खाला हरायला बसली. फाटक सताड उघडं. दारातून जो येईल त्याचं ती एवढं तोंड भरून स्वागत करू लागली की लोक बिचकायला लागले. चाळणी परत करायला आलेल्या शेजारणीला तिने तीनदा विचारलं, चाळणीत आणखी काही नाही ना. विजेचा मीटर बघायला माणूस आला. खालाने डोळे मिटून त्याच्या हातातला कागद घेतला आणि म्हणाली, "जा बाळा, पळ आता." तो खरंच पळाला. कागद विजेचाच निघाला.

दुपारी ऊन आलं आणि पागोळ्या गळायला लागल्या. पत्र चालतं ते बर्फ जमिनीवर आहे तोवरच. खालाने भिंतीच्या सावलीत उरलेला बर्फ खराट्याने गोळा केला आणि त्यावर जुनी गोधडी पांघरली. मी म्हटलं, खाला, गोधडीने बर्फ वितळेल. ती म्हणाली की गोधडी कुणाला गरम करत नसते, असतं तेवढंच राखते. संदलीतले निखारे काढून बघ. उस्तो म्हणाले, बरोबर आहे, आणि आत जाऊन संदलीत बसले.

शहलो आली तेव्हा गोधडीखाली एखादं कलिंगड झाकलं जाईल एवढाच बर्फ होता. तिच्या हातात ताट, ताटावर रुमाल, रुमालाखाली वसंतातल्या हिरव्या पाल्याचे सांबुसे. चेहरा असा की चोरी अजून केली नाही, पण कबुली तयार आहे.

"अम्मांनी पाठवलेत," ती म्हणाली. "गरम आहेत तोवर खा."

रुमालाच्या घडीतून कागदाचा कोपरा बाहेर आला होता. मला दिसला, उस्तोंना खिडकीतून दिसला, रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसला असता. खालाने मान वळवून आभाळाकडे पाहिलं. यंदा थंडी लांबली म्हणाली. जर्दाळू गेले म्हणाली. ताट घेतलं, कागदासकट. शहलो मागे सरकू लागली. एक पाऊल, दुसरं. खाला आभाळाकडेच पाहत होती, मानेची शीर ताठ झालेली. शहलो वळली, फाटकाकडे धावली आणि खालाचा उजवा हात सुटला. बाकीची खाला जागच्या जागी उभी होती. ताट डाव्या हातावर, तोंड आभाळाकडे, आणि उजव्या हाताच्या मुठीत शहलोची बाही.

पागोळ्यांचा तेवढा आवाज.

"सोड तिला," उस्तो खिडकीतून हळूच म्हणाले. "आम्ही काही पाहिलं नाही."

खालाने मुठीकडे पाहिलं, दुसऱ्याच कोणाची असावी तसं. पण शहलोचा हात तर केव्हाच चेहऱ्याकडे गेला होता. नियम तिलाही ठाऊक होता. पकडलं ते पकडलं. खालाने कढई आणली आणि तिच्या दोन्ही गालांवर काजळी फासली, इतक्या हलक्या हाताने की नवरीला सजवतेय असं वाटावं. मग पायरीवर बसून एक सांबुसा खाल्ला आणि म्हणाली की मीठ बरोबर आहे.

आता मेजवानी मस्तोनाची. आणि मस्तोनाचं स्वयंपाकघर पोत्यांत. तिने निरोप पाठवला की उद्या दुपारी टेकडीवर, लाला, म्हणजे रानातले ट्युलिप, फुलतात तिथे, सगळ्यांनी यावं. घरात बसायला जागा नाही.

पाठोपाठ दुसरा निरोप आला, कढई हवी. खालाने मोठी कढई दिली. मग तांदूळ मागितले, मग गाजरं. मग सतरंजी. प्रत्येक मागणीबरोबर खालाची मान थोडी वर येत होती. शेवटी पुलाव शिजवायला उस्तोच मागितले, तेव्हा ती उघड हसली. "तेही ने," ती शहलोला म्हणाली. "झाकण घट्ट लावून ने, वाटेत बडबडतात."

टेकडीवर असा वारा होता की लालांची फुलं जमिनीला कान लावून बसली होती. चूल तीनदा विझली. बायका गोधड्या गुंडाळून पोत्यांसारख्या ओळीने बसल्या, एकमेकींच्या पाठीला पाठ लावून, दात वाजवत आणि मस्तोनाच्या नव्या फ्लॅटमधल्या गरम नळांचा हेवा करत. अखेर उस्तोंनी पुलाव थाळ्यात उलटला. वाफ निघाली आणि वाऱ्याने लगेच पळवली.

वरच्या बाजूला, खडकाच्या आडोशाला मानाची जागा होती. खालाने तिथे आपली उशी आणून टाकली होती. ती मस्तोनाला म्हणाली, बस. मस्तोना म्हणाली, मी यजमानीण, तू बस. खाला म्हणाली, कढई माझी, तांदूळ माझे, शिजवणारा नवरा माझा, तू कसली यजमानीण.

"पत्र माझं. हार माझी," मस्तोना म्हणाली. "बस तिकडे."

"नाही बसत."

दोघी उभ्याच. मानाची जागा भरल्याशिवाय कोणी हात घालेना. थाळ्याच्या कडेला चरबी थिजून पांढरी व्हायला लागली. उस्तो एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहत होते, आणि मग फक्त थाळ्याकडे.

"तू उभी तर मीही उभी," खाला म्हणाली. "पुलाव थिजू दे. जाताना लोक म्हणतील, मस्तोनाने शेवटचं जेवण मेणबत्तीसारखं वाढलं."

मस्तोनाने थाळा पाहिला. तिच्या हातच्या, किंवा तिच्या नावच्या, पुलावाला आजवर कोणी थंड म्हटलं नव्हतं. ती दोन पावलं चढली आणि धपकन उशीवर बसली.

"भातासाठी बसतेय. तुझ्यासाठी नाही."

खाला तिच्यासमोर गुडघे टेकून बसली आणि मांसाचे मऊ तुकडे निवडून बोटांनी तिच्या बाजूला सरकवू लागली. मस्तोना खात होती. थोड्या वेळाने, तोंडात घास असतानाच म्हणाली, "तुला हरता येत नाही हे मला शाळेपासून माहीत आहे. म्हणून तर पत्र पाठवलं."

खालाने आणखी एक तुकडा सरकवला. मग गारा पडायला लागल्या आणि सगळ्यांनी थाळ्यावर वाकून, डोक्याला डोकं लावून, जेवण संपवलं.

दोन दिवसांनी गाडी आली. सामान भरून झालं, गल्ली गोळा झाली, मस्तोना पुढच्या सीटवर बसली. रडारड नको म्हणाली होती, म्हणून कोणी रडलं नाही. सगळे टायरांकडे पाहत राहिले. खालाने खिडकीतून फडक्यात बांधलेले नान दिले, चहाचा थर्मास दिला. ड्रायव्हरने गाडी सुरू केली. खालाने खिडकीच्या काचेवर हात ठेवला.

"थर्मास उभा धर," ती म्हणाली. "आडवा केलास की गळतो."